तीस घरांची माय

पाव घेऊन चौकातून येत होते तेव्हा मला फेमका दिसली, आणि तिच्या कडेवर मारियामाय होती. कडेवर म्हणजे अगदी मूल घेतात तशी. लाकडी पेटी कमरेच्या हाडावर टेकवलेली, एक हात खालून, दुसरा मोकळा, आणि त्या मोकळ्या हातात अर्धं खाल्लेलं जर्दाळू. मे महिन्याची बावीस तारीख, संध्याकाळचे सात, ऊन अजून भिंतींना चिकटून होतं. ती हसली आणि मला नावाने हाक मारून पुढे गेली. या गावात मला किर्स्टन म्हणणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांना मी इंग्रजीण. मी डेन्मार्कची आहे हे पहिल्या वर्षी सांगून झालं, दुसऱ्या वर्षी सांगून झालं, मग सोडून दिलं. ती हॉलंडची, येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि ती मात्र पहिल्या दिवसापासून फेमका. घराशी पोचले तेव्हा कळलं की काखेतला पाव मधोमध मोडला होता. इतका मी तो दाबून धरला होता, आणि मला त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

पेटी हातभर उंच, अक्रोडाच्या लाकडाची. पुढे दोन इवली दारं, आत काच, काचेमागे निळ्या पदराची माय, चर्चमधली वीतभर मूर्ती. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी: तीस घरं, तीस तारखा. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरून माय येते, रात्र राहते, दुसरा दिवस राहते, संध्याकाळी पुढच्या घरी जाते. घर बंद झालं, म्हातारं माणूस गेलं, तर तारीख लेकीकडे जाते, सुनेकडे जाते. ही यादी बासिलिसा सांभाळते. बासिलिसा म्हणजे आमच्या भट्टीवाल्याची विधवा. तिच्या कानामागे अजूनही पेन्सिल असते, जणू कुणी आत्ता येऊन दोन पाव जास्त सांगेल. चौदा तारीख फेर्मिनामावशीची, पंधरा बासिलिसाची. फेर्मिनामावशीचं घर आणि बासिलिसाचं घर यांच्यामध्ये माझं घर. मी ते घेतलं तेव्हा तिथे घर नव्हतं, गंजीचा कोठा होता. खेचरांचं गवत साठवायची जागा. कोठ्याला कुठली आली तारीख, असं मी सतरा वर्षं स्वतःला समजावत आले.

चौदा तारखेच्या संध्याकाळी मी दारातच असायची. कधी शेंगा सोलत, कधी नुसती. फेर्मिनामावशीच्या सपातांचा आवाज भिंतीपलीकडून सुरू व्हायचा, माझ्या दाराशी येऊन मंद व्हायचा, मग पुढे जायचा. तिच्या गुडघ्यांमुळे ती माझ्या दारापाशी रेंगाळते असं मला वाटायचं, तिथे चढ आहे. ती मान हलवायची, मी मान हलवायची. पेटी माझ्या उंबऱ्यापासून दोन हातांवरून पुढे जायची आणि मग बासिलिसाच्या दारात दोघींचा तो घोगरा सूर ऐकू यायचा, पेटी देणारीने म्हणायची ओवी:

दीस राहिली गं माय, माझ्या चुलीच्या उबेला
आता चालली पाहुणी, तुझ्या घरच्या दिव्याला

सतरा वर्षं, वर्षाला बारा वेळा, ते शब्द मी माझ्या दारात बसून ऐकले. मी देव मानत नाही. मारियामायला मानते की नाही हे मला कुणी विचारलेलंच नव्हतं. पण एक रात्र ती माझ्या स्वयंपाकघरात असावी, सकाळी उठून कॉफी ठेवताना पाठीमागे ती असावी, आणि संध्याकाळी मीही कुणाच्या तरी दारात उभी राहून तुझ्या घरच्या दिव्याला म्हणावं, हे मला इतकं हवं होतं की हवं आहे म्हणायची लाज वाटायची. आमच्या घरी मागायची रीत नव्हती. जेवणाच्या टेबलावर साखरेचं भांडं माझ्या आईसमोर असायचं. तिने पुढे केलं की एकदा नको म्हणायचं, पुन्हा केलं की एकच चमचा घ्यायचा. माझी धाकटी बहीण बिर्गिट मात्र सरळ हात पुढे करायची, आई तिला रागवायची आणि द्यायची. माझ्यावर कधी रागवावं लागलं नाही. माझा चहा अगोड असायचा, आणि मी शहाणी मुलगी होते. ओठाच्या कोपऱ्यात साखर चिकटवून हसणारी बिर्गिट मला फेमकाच्या जर्दाळूमागे स्पष्ट दिसली.

फेमकाने घर घेतलं ते सालूदचं. सालूद मागच्या सप्टेंबरात गेली, तिला लेकही नव्हती आणि सूनही नाही. बावीस तारीख अनाथ झाली. त्या तारखेचं काय होणार, असा विचार मी त्या हिवाळ्यात रोज केला. फ्रिजच्या माहितीपुस्तिका डॅनिशमध्ये आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बर्फ साचल्यास दार किती वेळ उघडं ठेवावं हे लिहिता लिहिता मी खिडकीतून बासिलिसाच्या दाराकडे बघायची. कधी तरी ती पेन्सिल कानामागून काढेल, माझ्याकडे येईल आणि म्हणेल, बाई, बावीस रिकामी आहे. ती आली नाही. मे महिन्यात उत्तर मिळालं ते असं, चौकात, जर्दाळू खात.

जूनच्या बावीसला मी फेमकाकडे गेले. अंडी हवी होती असं म्हणाले. अंडी मला नको होती. माय कुठे ठेवलीय ते मला बघायचं होतं, आणि आपण ते बघायलाच आलोय हे स्वतःपासूनही लपवायचं होतं. माय फ्रिजवर होती. सालूदच्या कोनाड्याची फळी वाळवीने खाल्ली होती, आणि मांजर चढू शकणार नाही अशी घरात तेवढी एकच जागा होती. फ्रिजवर इस्त्री केलेलं पांढरं कापड. मुरंब्याच्या बाटलीत तांबडे जिरेनियम. तेलाचा दिवा, त्याची ज्योत न फडफडणारी, कारण फेमकाने खिडकी लावून घेतली होती. इतक्या उन्हाळ्यात. रेडिओही बंद होता. मी कारण विचारलं, तर ती म्हणाली, तिला आवाज चालतो की नाही माहीत नाही, म्हणून. तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं होतं की तिने पेटी कुठेतरी धुण्याच्या ढिगावर टाकलेली असेल, मी दुखावून घरी येईन आणि मला बरं वाटेल. तसं काही नव्हतं. कॉफी कडू होती, दोन चमचे साखर घालूनही कडू. सहा अंडी घेऊन मी घरी आले, आणि ती कितीतरी दिवस तशीच पडून राहिली.

दर जुलैत आम्ही तिघी दहा दिवस फिरायला जातो. गाडी माझी, जुनी रेनो, गिअर बदलताना खोकते. पुढे माझ्याशेजारी फेर्मिनामावशी, तिला मागे बसलं की मळमळतं. मागे बासिलिसा आणि टरबूज. डोंगर उतरून पिवळ्या पठारावर यायचं, कापलेल्या गव्हाच्या शेतांतून जायचं, फेर्मिनामावशीच्या बहिणीच्या गावी दोन रात्री राहून भाजलेल्या मिरच्या खायच्या, आणि मग गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन तिघींनी गुडघे बुडवून बसायचं. ते दहा दिवस माझे असत. कुठल्या वळणावर मावशीला थांबावं लागतं, कुठल्या झऱ्याचं पाणी तिला चालत नाही, हे मला ठाऊक. बहिणीच्या गावातल्या बाया दरवर्षी विचारत, ही कोण गं, आणि मावशी म्हणे, ही माझी इंग्रजीण. त्या ‘माझी’ या शब्दावर माझं वर्ष निघे.

या वर्षी निघायच्या सकाळी गाडीशी आले तर चौघी होत्या. फेमकाच्या हातात टरबूज. मावशीने तिला बोलावलं होतं, पोरगी एकटी असते म्हणून. दार उघडून स्टिअरिंगमागे बसायला गेले तर मावशी म्हणाली, "अगं इंग्रजिणी, तू मागे बस आरामात. फेमका चालवते. मागच्या खेपेला तू मेंढ्यांना धुकं समजलीस."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मागच्या खेपेला खरंच तसं झालं होतं. स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाजूला मी कधीच बसले नव्हते. तिथे वास वेगळा होता, जुन्या टरबुजांचा. पुढच्या दोन डोक्यांमधून रस्ता दिसत होता आणि फेमकाने गिअर बदलला तेव्हा गाडी खोकली नाही. हे मी कशालाही माफ करू शकले असते, गाडीला नाही. मावशी तिला सांगत होती, इथे हळू, पुढे पुलाशी थांबायचं हां. सतरा वर्षांत तिला मला काही सांगावं लागलं नव्हतं, आणि त्याचाच मला अभिमान होता. आता वाटलं, सांगावं लागणं हेच सुख असावं. मावशी तिला सगळं पहिल्यापासून सांगत होती, बापाची खेचरं, दुष्काळाचं साल, बहिणीचं लग्न, आणि त्यातली निम्मी गोष्ट मी कधी ऐकलेलीच नव्हती. मी कधी विचारलीच नव्हती. बाहेर कापलेली शेतं चालली होती, करकोचे उभे होते, आणि माझ्या छातीत काहीतरी लहान, गरम, ओलं हलत होतं, पिल्लासारखं. मी खिडकीकडे तोंड करून, जणू खिडकीलाच, हळूच म्हणाले, "फ्रिजवर ठेवते ती मायला."

बासिलिसा डुलकी घेत होती. तिने एक डोळा उघडला.

"कोण?"

मी पुढच्या सीटकडे हनुवटी हलवली.

"फ्रिजवर? दुधाच्या वर?"

"दुधाच्या वर," मी म्हणाले.

एकही शब्द खोटा नव्हता. कापड मी सांगितलं नाही. फुलं, दिवा, बंद खिडकी, तिच्या कपाळावरचा घाम, काही सांगितलं नाही. बासिलिसाने दुसराही डोळा उघडला, आणि मग दोन्ही मिटून घेतले. झऱ्यावर पोचलो तेव्हा ती फेमकापासून जरा लांब बसली. आणि मी, मला सांगायला लाज वाटते, गरम पाण्यात पाय सोडून इतकी सुखावले की डोळ्यांत पाणी आलं. मावशीला वाटलं ऊन लागलं.

ऑगस्टात गाव भरतं. शहरात गेलेल्यांची मुलं-नातवंडं येतात, बंद घरांच्या खिडक्या उघडतात, संध्याकाळी सगळ्या गल्लीत खुर्च्या बाहेर येतात आणि वारा पडेपर्यंत बाया बसतात. एकवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही सालूदच्या गल्लीच्या तोंडाशी बसलो होतो, मावशी, मी आणि अजून चारपाच जणी. फेमका तिच्या पायरीवर होती. केस ओले, धुतलेले. मांडीवर घडी केलेलं पांढरं कापड. एकवीसचं घर नाती नावाच्या बाईचं, गल्लीतच दोन दारं अलीकडे. नाती पेटी घेऊन निघाली. फेमका उठून उभी राहिली, कापड तिने हातावर घेतलं. नाती तिच्या दारापाशी आली, मान हलवली आणि पुढे गेली. तेवीसच्या घरी, इलारियोकडे. तिथून ओवी ऐकू आली.

फेमकाने कापडाची पुन्हा घडी केली. मग माझ्याकडे आली आणि अगदी हळू, माझी झोपमोड होऊ नये तसं, विचारलं, "किर्स्टन, आज एकवीसच ना?"

"एकवीस," मी म्हणाले.

"मग माझी मोजण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली आणि घरात गेली. आत रेडिओ लागला नाही.

ज्या दृश्याची मी जुलैपासून वाट बघत होते ते हेच असावं. दारावरून पेटी गेली. दारातल्या बाईने मान हलवली. ती बाई मी नव्हते, एवढाच फरक. आणि ते छातीतलं पिल्लू, ज्याचं आता पोट भरायला हवं होतं, ते मेल्यासारखं पडून होतं. मला वाटलं होतं की दारावरून माय जाणं काय असतं हे जगात मला एकटीला ठाऊक आहे. आता दोघींना ठाऊक होतं, आणि दुसरीला ते मी शिकवलं होतं.

मावशी खुर्ची उचलून माझ्याबरोबर घराकडे निघाली. चढावर ती थांबली, माझ्या दाराशी, तिच्या नेहमीच्या जागी. बासिलिसाने यादीतून बावीस खोडल्याचं तिला ठाऊक होतं, कारण ठाऊक नव्हतं. तिने मला विचारलं की आता तू तरी ती तारीख मागशील का. मी म्हटलं, मागायची असते? मावशी खुर्ची खाली ठेवून तिच्यावर बसली, भर रस्त्यात, आणि सांगू लागली.

देशातली आपसातली लढाई संपली त्या हिवाळ्यात ती चार वर्षांची होती. पाद्री आणि जिंकलेल्या बाजूचे दोन शिपाई हीच पेटी घेऊन दारोदार फिरले. दार कोण उघडतं, किती वेळाने उघडतं, गुडघे टेकतं की नाही, हे शिपाई बघत होते. तिच्या बापाने दार उघडलं नाही. तो देव मानत होता की नाही कुणास ठाऊक, पण दार असं वाजवलेलं त्याला मानवलं नाही. त्याला नेलं. तीन वर्षांनी परत आला तो खेचरांशीच काय ते बोलायचा. तो पाद्री गेला, शिपाई गेले, आणि बायांनी पेटी आपल्या हातात घेतली तेव्हा एकच गोष्ट ठरवली. न मागता मायला कुणाच्या दारात न्यायचं नाही. कधीच नाही. विचारायचंसुद्धा नाही, कारण विचारलं की माणसाला नाही म्हणणं जड जातं. ज्याला हवी त्याने तोंडाने म्हणावं.

"ती पोरगी दुसऱ्याच आठवड्यात आली," मावशी म्हणाली. "कोनाडा रिकामा का म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाली मला द्या. आणि तू? सतरा वर्षं तुझ्या दारापाशी पाय ओढत चालले मी. म्हटलं आज म्हणेल, आज म्हणेल. गुडघे काय माझे चौदा तारखेलाच दुखतात होय गं?"

सतरा वर्षं मी तिच्या अदबीला दार समजले, बंद दार. आणि ती माझ्या अदबीला. मधल्या त्या दोन हातांत माय येत-जात राहिली. मावशी माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, बावीस मोकळी आहे, उद्या सकाळी जा बासिलिसाकडे. तेव्हा मी सांगितलं. गाडीतलं, फ्रिजचं, आणि मग कापडाचं, फुलांचं, दिव्याचं, घामाचं. हात काढून घेईल असं वाटलं होतं. तिने काढला नाही, पण थोपटणं थांबलं. बराच वेळ तो हात माझ्या गुडघ्यावर नुसताच होता, वजनदार. मग ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग," आणि खुर्ची घेऊन घरात गेली.

सकाळी मी बासिलिसाच्या दारात उभी राहिले. तिने मला बघितलं आणि तिचा सगळा चेहरा फुलला. मला आत घेतलं, खुर्ची पुसली, वही काढली, कानामागची पेन्सिल हातात घेतली. "आलीस एकदाची," ती म्हणाली. "मी म्हणत होते, ही बाई आपल्याला कबरीत पोचवूनच मागणार." वहीत बावीसच्या पुढच्या नावावर रेघ मारलेली होती आणि शेजारची जागा कोरी. मला नुसती मान हलवायची होती. नाव तिनेच लिहिलं असतं. इंग्रजीण की किर्स्टन, काय लिहील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलं होतं. मी ते टोक बघत होते. सतरा वर्षांत माझं नाव त्या वहीच्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. कापड इस्त्रीचं होतं, दिवा होता, फुलं होती, खिडकी लावून घेतली होती. कोनाडा वाळवीचा होता. मला हे सगळं तेव्हाही माहीत होतं.

बासिलिसाने पेन्सिल उचलली. माझ्याकडे बघितलं नाही, वहीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चाळून मला नुसता कोंडा दिलास. पीठ ठेवून घेतलंस घरी."

"हो," मी म्हणाले.

तिने रेघ पुसली. सावकाश, कागद फाटू नये म्हणून अंगठ्याने धरून. फेमकाचं नाव पुन्हा ठळक केलं. आज बावीस आहे, दुपारच्या आत इलारियोकडून पेटी उचलून मी स्वतः पोरीच्या घरी नेते, चूक माझी झाली म्हणेन, असं ती म्हणाली. तुझं नाव घेणार नाही, पण तू सांगायचं की नाही ते तू बघ. मी उठले. दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा, मला देण्यासारखं काही कुणाकडे उरलेलं नसताना, आणि द्यावंसं वाटायचं काही कारण नसताना, मी मागे वळले.

"बासिलिसा, मला हवीय. कुठलीही तारीख. कधी रिकामी झाली तर."

ती वही मिटत होती. मिटलेली वही तिने पुन्हा उघडली, खूप वेळ कोऱ्या जागेकडे बघितलं. रिकामी होण्याची वाट बघायची म्हणजे आमच्यातली कोणीतरी मरायची वाट बघायची, ती म्हणाली, ते मला मुळीच चालायचं नाही, तुला तर तशी वाट मुळीच बघू देणार नाही. मग पेन्सिलीने कान खाजवत, जरा रागातच, म्हणाली, "एकतीस तारखेला ती चर्चमध्ये असते. एकटी. कुणी नसतं तिथे, उंदीर असतात. ती घे."

तिने लिहिलं. काय नाव लिहिलं ते मी बघितलं नाही. बाहेर आले तर ऊन डोळ्यांवर आलं आणि गल्ली पांढरी झाली. फेमकाकडे मला जायचं होतं, आत्ताच, माय पोचायच्या आधी, आणि काय बोलायचं ते पायरीपर्यंत जुळवायचं होतं. नऊ दिवसांनी एकतीस. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि चढ उतरून सालूदच्या गल्लीत वळायच्या आत माझं मोजूनही झालं होतं. एकतीस तारीख वर्षातून सात वेळा येते. बावीस बारा वेळा.